दोरी

त्र्यंबक नाक्याजवळ, सिव्हिलच्या भिंतीला खेटून
एक चहाची गाडी रात्री दीडपर्यंत जागी असते.
दर शनिवारी तिथं आमचं कोर्ट भरतं.

अन्सार तांबोळी अंबडहून येतो, सेकंड शिफ्ट उरकून,
नखांत रबराची काजळी.
दिवसभर गॅस्केट ओततो, त्यामुळे
कुठल्या भुताचा हात कुठल्या साच्यातला
ते त्यालाच विचारावं.
"'सातवी पायरी'तला पंजा एकसंध ओतीव.
अंगठ्यापाशी शिवण दिसते, थांबवून बघा.
मी त्या शिवणीला दरवेळी सलाम ठोकतो.
आणि तिसऱ्या भागात काय? कॉम्प्युटरचा धूर!
धूर कधी कुणाचा गळा दाबेल का?"

प्रद्युम्न गायधनी रामकुंडावर दहावे-बारावे करतो.
उपरणं पिशवीत, गंध अर्धवट पुसलेलं.
त्याचं सगळं शास्त्राला धरून:
"पहिल्या भागात रीतसर दहन झालं, अस्थी पाण्यात गेल्या.
मग दुसऱ्या भागात परत आला कसा?
माझं काय चुकलं होतं?"
माझं, म्हणतो. जणू तो विधी यानंच सांगितला होता.

मी शवागारात. बावीस वर्षं.
मला फक्त रक्ताबद्दल विचारतात.
मी सांगते, एवढं लाल नसतं रे,
थोड्या वेळानं काकवीसारखं होतं.
पण दुसऱ्या भागाच्या बाजूनं मी एकटीच भांडते.
का, ते कधी बोलले नाही.
आमच्याकडे चादर सारून कुणी उठत नाही.
बोट हललं असं वाटतं, तो पंख्याचा वारा असतो.
कुठंतरी, तिकीट काढून का होईना,
एखाद्यानं उठावं.

तिघांचं एकमत एकाच माणसावर: शंभू आडके.
नऊ सिनेमे, नऊ भुतं, संवाद एकही नाही.
दारात नुसता उभा राहायचा, एक खांदा पाडून,
उसने पैसे मागायला आल्यासारखा ओशाळा.
भीती वाटायची, आणि त्याला पाणी विचारावंसंही वाटायचं.
पहिल्या सिनेमात तो हवेतून येतो तेव्हा
पाठीमागची दोरी लख्ख दिसते.
थिएटरात पोरं ओरडायची, "दोरी! दोरी!"
आणि ओरडता ओरडता पाय खुर्चीवर घ्यायची.

गेल्या शनिवारी गायधनी उशिरा आला. चहा नको म्हणाला.
सकाळी एक मुलगी आली होती, दहाव्याला.
संकल्पाला नाव विचारलं, तिनं सांगितलं,
आणि याच्या हातातली पळी पंचपात्रात पडली.

पिंडाला कावळा शिवेना.
मुलीनं सगळं कबूल करून पाहिलं:
आईला सांभाळीन, गावचं घर विकणार नाही,
धाकट्याचं लग्न करून देईन.
कावळे समोरच्या कठड्यावर, माना वाकड्या करून.
ऊन चढलं. पुढचे यजमान खोकायला लागले.

"मग?"
"मग मी दर्भ नीट करायच्या निमित्तानं वाकलो
आणि हळूच म्हणालो,
आडके, दुसरा भाग चांगला होता.
तुम्ही परत आलात ते बरं केलंत."

"आणि?"
"आला. एकच. सरळ पिंडावर."

मी ग्लास खाली ठेवला.
चौदा वर्षं भांडत होते मी या एका वाक्यासाठी
आणि ते त्यानं कावळ्याला दिलं.

"दबावाखाली दिलेला जबाब," अन्सार म्हणाला, "धरला जात नाही."
मग बराच वेळ गप्प. गाडीवाल्यानं स्टोव्ह बंद केला.
एक ट्रक सातपूरकडे गेला, भांडी थरथरली.

अन्सारनंच पुन्हा विचारलं, खालच्या आवाजात,
कारागिरानं कारागिराला विचारावं तसं:
"उतरताना नीट बघितलंस?
दोरी दिसली?"

गायधनी पिशवीतलं उपरणं काढून
उगाचच घडी घालत बसला.
"नव्हती रे," तो म्हणाला.
"तेव्हाच पहिल्यांदा घाबरलो."